दोन लाख गाडीला द्यायचे की पांधणीला?

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. दारव्हा तालुक्यात वावरातलं घर, डांबरी रस्त्यापर्यंत नऊशे मीटर पांधण, गुडघ्यांमुळे चालणं बंद झालेली आई, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी करणाऱ्या वहिनी, हातात पगार 62 हजार. पुढच्या चाकांवर चालणारी पेट्रोल एसयूव्ही ऑन-रोड साडेचौदा लाखांना पडते, तीच ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये साडेसोळा लाखांना. कापसाच्या 5 लाखांतले 4 भरून बाकीचं 9 टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज, असा तुमचा बेत. वरचे दोन लाख घालायचे का, हा प्रश्न.

माझं मत, घालू नका.

शोरूममध्ये सांगतात की चारही चाकं ओढतात. तुम्ही माहितीपत्रक पाठवलेल्या गाडीत मात्र एरवी ओढ पुढच्याच चाकांची असते. गिअरबॉक्सपासून एक शाफ्ट मागे जातो आणि मागच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरांच्या, तोंडाशी क्लच प्लेटांचा संच असतो. पुढची चाकं घसरतायत असं कॉम्प्युटरला दिसलं, किंवा घसरतील असा अंदाज आला, की तो प्लेटा दाबतो आणि ताकद मागे जाते. सगळ्या प्लेटा घट्ट बसल्या की पुढचा-मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतो. पकड दोन्हीकडे सारखी असेल तर ताकद जवळपास अर्धी-अर्धी होते. चिखलात मात्र हा वाटा ठरलेला राहत नाही, ज्या चाकांना पकड आहे तिकडेच ओढ जाते.

आता एका ॲक्सलवरच्या दोन चाकांचं बघा. ट्रॅक्टरचं एक चाक गाऱ्यात नुसतंच गरगरायला लागलं की तुम्ही डिफरन्शियल लॉकचं पेडल दाबता. या गाडीत ते पेडल नाही. गरगरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडे ढकलतात. ओल्या डांबरावर, मुरमाच्या चढावर याचा खरंच उपयोग होतो. पण आपली काळी माती टायरच्या खाचांत भरली की टायर वरवंट्यासारखा गुळगुळीत होतो, आणि चार गुळगुळीत चाकांना ताकद वाटून पकड येत नाही. बराच वेळ रेटत राहिलात तर क्लच तापतो आणि गाडी मागची ओढ स्वतःच बंद करते. ऐन जुलैत, आई मागच्या सीटवर असताना हे झालं तर काय कराल, याचा विचार करा.

आणखी एक खर्च कुणी सांगत नाही. अशा गाडीत चारही टायर सारखे झिजलेले लागतात. एखादाच नवा टाकला तर घेरात फरक पडतो, क्लचला उगाच काम लागतं. म्हणून बाकीचे बरेच झिजलेले असताना एक टायर फाटला, तर चारही बदलावे लागू शकतात.

मला खरी काळजी वाटते ती डाउन पेमेंटची. तुमचं पीककर्ज 2 लाख 40 हजार आहे आणि ते 31 मार्चच्या आत भरायचं आहे. वेळेत फेडलं तर व्याज सवलतींमुळे तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज शून्य टक्क्याला पडतं, थकलं तर ती सवलत जाते. 5 लाखांतले 4 शोरूमला दिले तर ते फेडणार कशातून? आधी पीककर्ज भरा, 60 हजार अडीअडचणीला बाजूला ठेवा. उरतात 2 लाख, तेवढंच डाउन पेमेंट.

मग साध्या गाडीला साडेबारा लाखांचं कर्ज लागेल, हप्ता सुमारे 25,950. ऑल-व्हील-ड्राइव्हला साडेचौदा लाखांचं, हप्ता सुमारे 30,100, म्हणजे वहिनींच्या पगाराचा जवळजवळ अर्धा. कापूस वर्षातून एकदा येतो, हप्ता दर महिन्याला. वरचे दोन लाख फिटेपर्यंत अडीच लाखांना पडतात. खरं तर 25,950 सुद्धा मला जड वाटतो. सनरूफ नसलेलं, एक पायरी खालचं व्हेरिएंट बघा.

तुमची पांधण सगळी खराब नाही, नाल्याजवळचा दीडशे मीटरचा तुकडा खचतो, असं तुम्हीच लिहिलंय. त्या धुऱ्यावरून ज्यांची वहिवाट आहे त्या चार घरांना एकत्र बसवा, परवान्याने मुरूम आणा, पाणी काढून द्यायला बाजूने चर खणा. सोबत ग्रामपंचायतीकडून सरकारच्या शेत/पाणंद रस्ते योजनेत नाव लावा. त्याला वेळ लागेल, म्हणून मुरमाचं काम थांबवू नका. त्यावरून बंडी जाईल, ट्रॅक्टर जाईल, आईची गाडीही जाईल.

तुम्ही मेळघाटात राहत असता, रोज ओल्या घाटातून जाणं-येणं असतं, तर मी वेगळं लिहिलं असतं. तेव्हाही ही गाडी नाही, लो गिअर (हळू पण जास्त जोराने ओढणारा) असलेली खरी फोर-बाय-फोर सुचवली असती. मुरूम मिरगाच्या आधी पडायला हवा, त्यामुळे गाडीचं बुकिंग महिनाभर मागे गेलं तरी चालेल.