चपला काठावर होत्या की पायात?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २०२२ मध्ये विहिरीत मृतावस्थेत सापडला. अकस्मात मृत्यू अशी नोंद झाली. आई अजून एकच विचारते, त्याच्या चपला काठावर होत्या की पायात? पोलीस ठाण्यात तीनदा जाऊन आले. ‘फाइल वर गेली’ एवढंच सांगतात. मला कागद मिळतील का?
– एक बहीण

उत्तर : ताई, तुम्ही सख्खी बहीण आहात. हे कागद मागताना संकोच करू नका.

वकिलीत मी असे पंचनामे पुष्कळ वाचले आहेत. मरणोत्तर पंचनाम्यात प्रेत कोणत्या स्थितीत होतं, अंगावर काय होतं, जखमा कुठे होत्या, हे पंचांसमोर लिहिलेलं असतं. चपला काठावर असतील तर त्यांचा उल्लेख घटनास्थळाच्या पंचनाम्यात सापडेल. म्हणून दोन्ही मागा. सोबत जबाब, शवविच्छेदन अहवाल आणि व्हिसेरा (म्हणजे तपासणीसाठी काढलेले शरीरातल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवला असेल तर रासायनिक विश्लेषणाचा अहवालही मागा.

‘फाइल वर गेली’ हे खरंही असू शकतं. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ प्रमाणे असा अहवाल दंडाधिकाऱ्यांकडे जातो. तेव्हा पोलीस ठाण्यासोबत उपविभागीय दंडाधिकारी कार्यालयातही अर्ज द्या. आता तोंडी विचारणं बंद करा. अर्जावर अकस्मात मृत्यूचा नोंद क्रमांक घाला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्याच. पोच नसेल तर तुम्ही आलाच नव्हता म्हणतील.

नक्कल दिली नाही तर माहितीचा अधिकार वापरा. महाराष्ट्रात शुल्क १० रुपये, मजकूर १५० शब्दांच्या आत, विषय एकच. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. ‘तपास चालू आहे’ एवढं एक वाक्य लिहून नकार देता येत नाही. माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल, हे कलम ८(१)(ज) खाली त्यांना सांगावं लागतं. नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील करा.

आणि एक, हे मी कळकळीने सांगते. पाकीट आईसमोर फोडू नका. आत फोटो असू शकतात, शवविच्छेदनाची भाषा फार कोरडी असते. आधी तुम्ही वाचा, जवळ कुणाला तरी बसवून. चपलांची ओळ सापडली की मग आईच्या शेजारी बसून तेवढीच तिला वाचून दाखवा.