ताडोबाची दुपारची सफारी : पहिल्यांदा जाताय म्हणून

जमलं तर मे महिन्यातली दुपारची फेरी घ्या. ऊन भाजून काढतं, पण बरेच पाणवठे आटलेले असतात, त्यामुळे उरलेल्या पाण्यावर जनावरं येतातच, दिवस कलताना जास्त. मंगळवारी सफारी बंद असते. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या गाभ्यात, मोबाईल वापरू देत नाहीत. दुर्बीण आणि डोक्याला ओला पंचा मात्र हवाच.

गाईडला "वाघ दाखवा" म्हणून भंडावू नका. हे मोहर्ली-कोलारा या जंगलालगतच्या गावांकडचे लोक, त्यांचे कान जंगलात तयार झालेत. जिप्सी बंद करायला सांगा आणि ऐका; वाघाची चाहूल लागली की बाकीची जनावरं ओरडून इशारा देतात. चितळ एकदाच ओरडलं तर फार मनावर घेऊ नका, ते उगाच बिचकतं. पण सांबरानं 'पोंक' केलं, लगेच पुन्हा केलं, तर जागचं हलू नका. वानर खकरत एकाच दिशेला टक लावून बसलं असेल, तर तुम्हीही तिकडेच बघा. वाघ पाण्यात बऱ्याचदा उलटा, शेपटीकडून शिरतो. तेव्हा धडपडत उभं राहिलात की तो उठून जातो.

वाघ नाही दिसला तरी ताडोबा तलावावर थांबाच. काठावरच्या मगरी बघताना गेटची वेळ सांभाळा; उशिराचा भुर्दंड ड्रायव्हर-गाईडला पडतो.