४६ चिकटवण्याआधी

उद्यमनगर, कोल्हापूर

प्रिय गड्या,

टाकीवर ४६ चं पिवळं स्टिकर चिकटवलंस. झकास दिसतंय. पण इटलीचा मोटरसायकल रेसर व्हॅलेंटिनो रॉसी याचा नंबर लावायचा तर त्याचं कामही घ्यावं लागतं, नुसती नाटकं घेऊन भागत नाही. नाटकं सगळ्यांना पाठ आहेत. १९९९ ला हेरेझची रेस जिंकल्यावर तो गाडी कडेला लावून शौचालयात घुसला. २००२ ला मुजेल्लोत जिंकल्यावर अतिवेगाची पावती फाडून घेतली. लोक हसले आणि त्याच्या प्रेमात पडले. त्याच्या पिट बॉक्समध्ये, म्हणजे ट्रॅकवरच्या गॅरेजात, काय चालायचं ते मात्र फार कुणी बघितलं नाही.

नंबर मुळात त्याच्या वडिलांचा. ग्राझियानो रॉसी यांनी १९७९ ला मोर्बिदेल्ली गाडीवर २५० सीसीच्या तीन ग्रां प्री, म्हणजे जागतिक मालिकेतल्या रेस, जिंकल्या, त्या ४६ नंबरवर. पोरानं नऊ जागतिक विजेतेपदं मिळवली, पण चॅम्पियनचा १ नंबर लावला नाही, बापाचाच ठेवला. २०२२ ला मोटोजीपीनं, म्हणजे मोटरसायकलच्या सगळ्यात वरच्या जागतिक मालिकेनं, तो नंबर कायमचा बाजूला काढला.

आता त्याची वर्षं नीट बघ. सगळ्यात लहान १२५ सीसीच्या वर्गात १९९६ ला आला, १९९७ ला पंधरापैकी अकरा रेस जिंकून चॅम्पियन. २५० मध्ये १९९८ ला दुसरा, १९९९ ला चॅम्पियन. ५०० मध्ये २००० ला दुसरा, २००१ ला चॅम्पियन. दर वेळी गाडी बदलली की पहिलं वर्ष शिकण्यात गेलं. आणि तू १५० वर सहा महिने झाले नाहीत तोवर ३९० चे हप्ते मोजायला लागलास! एकाच गाडीवर दोन हंगाम काढ. गाडी बदलली की चूक तुझी होती की गाडीची, हे कधीच कळत नाही.

त्याची खरी करामत २००४ ची. चालती होंडा सोडून तो यामाहावर आला. जानेवारीत सेपांगच्या चाचणीत यामाहानं त्याच्यापुढे चार इंजिनं ठेवली: चार व्हॉल्व्हचं आणि पाच व्हॉल्व्हचं, आणि दोन्हींत सिलिंडरमधले स्फोट (फायरिंग) समान अंतरानं होणारं नि असमान अंतरानं होणारं. त्यानं चार व्हॉल्व्हचं, असमान फायरिंगचं निवडलं. त्या इंजिनाच्या क्रँकमध्ये, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्यात, फिरत्या भागांचा स्वतःचा झटका कमी होतो, त्यामुळे थ्रॉटल उघडल्यावर मागचं टायर किती धरतंय हे मनगटाला स्वच्छ समजतं. १८ एप्रिलला वेल्कोमची पहिलीच रेस त्यानं मॅक्स बियाजीला ०.२१ सेकंदानं मागे टाकून जिंकली. आधीच्या हंगामातली शेवटची रेस होंडावर जिंकलेली, ही यामाहावर. वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांवर अशा लागोपाठ दोन रेस त्याआधी कुणी जिंकल्या नव्हत्या. जेरेमी बर्जेससारखा चीफ मेकॅनिक होंडा सोडून त्याच्यामागून आला होता. हा गडी गाडीचं दुखणं नेमक्या शब्दांत सांगतो, हे त्या मेकॅनिकला माहीत होतं.

तू राउंड मारून येतोस आणि सांगतोस, ‘लई भारी पळतीय’ नाहीतर ‘मागनं हलतीय’. यावर मेकॅनिकनं काय करायचं? वळणाचे तीन तुकडे कर: ब्रेक मारत आत जाताना, मधे थ्रॉटल बंद असताना, आणि थ्रॉटल उघडून बाहेर पडताना. गाडी यातल्या कुठल्या तुकड्यात बिघडते ते सांग. बाहेर पडताना गाडी रुंद जात असेल तर बहुधा मागची बाजू जास्त बसतीय आणि पुढचं चाक हलकं होतंय. मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) एक खाच वाढव आणि पुन्हा जाऊन ये. आत जाताना पुढचं टोक धपकन खाली जात असेल तर आधी फोर्कचं (पुढच्या शॉकचं) ऑइल बघ, वर्षानुवर्षं कुणी बदललेलं नसतं. पण एका वेळी एकच बदल. टायरची हवा आणि प्रीलोड एकदम बदललास तर फरक कशानं पडला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आणि हेही लक्षात ठेव, हे सगळं येत असूनही २०११ आणि २०१२ ला डुकाटीवर त्याला एकही रेस जिंकता आली नाही. दोन वर्षांत तीनदा पहिल्या तिघांत, बस्स. पुढचं चाक काय करतंय ते त्याला उमगेचना. २०१३ ला यामाहावर परतला आणि आसेनला जिंकला.

ब्रेकिंगकडे ये. ब्रेक मारताना आतला पाय पेगवरून (पाय ठेवायच्या दांडीवरून) काढून लोंबता सोडायची त्याची लकब २००५ च्या हेरेझनंतर जगभर पसरली. ती तू आत्ता करू नकोस. तुझे गुडघेच अजून टाकीला चिकटत नाहीत, सगळा भार मनगटांवर येतो आणि हँडल आखडतं. आधी हे कर. रहदारी नसलेल्या मोकळ्या जागेत खडूनं रेघ मार. ताशी ४० च्या वेगानं रेघेवर ये, दोन बोटांनी पुढचा ब्रेक हळू दाब, फोर्क बसला असं जाणवलं की मग जोर वाढव. एकदम आवळलास तर भार पुढच्या चाकावर यायच्या आत ते लॉक होतं आणि गाडी आडवी. असं दहा वेळा. थांबायची जागा दहाही वेळा हातभर फरकानं तीच आली, तरच ६० ला जा. वळणात शिरताना ब्रेक एकदम सोडायचा नाही. गाडी जितकी कलेल तितका दाब कमी करत न्यायचा.

गार टायरला तर वचकूनच राहा. २०१० ला मुजेल्लोच्या सरावात मागच्याला वाट द्यायला रॉसीनं वेग कमी केला, तेवढ्यात टायर थंडावलं. पुढच्या वळणात मागचं चाक सुटून पुन्हा धरलं आणि त्यानं त्याला हवेत फेकलं. उजव्या नडगीचं हाड मोडून बाहेर आलं. चार रेस हुकल्या, साक्सेनरिंगला परतला तो थेट चौथा आला. ती परतफेरी सगळे सांगतात, पण तुझ्या कामाचं त्या पडण्याचं कारण आहे. पहिले दोन राउंड रांगतच मार. गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा गार टायरमध्येच मोजायची. पंपावर पोचेपर्यंत टायर तापतं आणि आकडा खोटा येतो. शंभर रुपये वाचवू नकोस, स्वतःचा गेज घे.

गॅरेजची कामं थोडक्यात सांगतो. चेनची ढील बहुतेक १५०-२०० सीसी गाड्यांना २५ ते ३० मिलिमीटर लागते, तुझ्या गाडीच्या पुस्तकात बघून घे. चाक फिरवून तीन ठिकाणी मोज आणि सगळ्यात ताणलेली जागा धर. चेन टाइट ठेवली की शॉक बसताना ती ओढली जाते आणि गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टचं बेअरिंग जातं. ब्रेक ऑइल डॉट ४ असलं तरी हवेतला ओलावा पितं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारूच नको. पाणी मुरलेलं ऑइल तापलं की उकळतं, वाफ होते आणि लिव्हर हँडलला टेकतो. ट्रॅकवर जायच्या आधी नवं भर, ब्रेकच्या नळीतली हवा पूर्ण काढ. ऑइलच्या ड्रेन बोल्टला आणि कॅलिपरच्या बोल्टांना ते सुटू नयेत म्हणून भोक पाडून तार बांधायची असते. उद्यमनगरात कुणीही भोक पाडून देईल, पण तार बोल्ट आवळायच्या दिशेनं ओढून बांधली आहे का ते स्वतः बघ. उलटी बांधलेली तार शोभेची. कूलंट काढून साधं पाणी भर, कारण कूलंट ट्रॅकवर सांडलं की मागून येणारा घसरतो.

हेल्मेट एकदा जोरात आपटलं की संपलं, वरून कितीही चकाचक दिसो. सूट दोन तुकड्यांचा असेल तर दोन्ही जोडणारी कमरेची चेन (झिप) पूर्ण गोल हवी, बूट घोट्याच्या वर आणि हातमोजे मनगट झाकणारे.

आंबा घाटात आणि गगनबावड्याला गाडी पळवायचा विषय काढू नकोस. रॉसीही पोरवयात त्याच्या गावच्या, ताव्हुलियाच्या, रस्त्यांवर तीनचाकी आपे पळवायचा (तीच आपे, आपल्या वडापची), हे मला सांगून उपयोग नाही. तिथं हंगामात बिनलाइटच्या उसाच्या ट्रॉल्या नसतात आणि वळणावर मळी सांडलेली नसते.

कोल्हापूरकराला सगळ्यात लवकर समजेल अशी एक गोष्ट त्याच्याकडे आहे. त्यानं ताव्हुलियात मातीचा ट्रॅक बांधलाय, त्याला रँच म्हणतात. मोटोजीपीची पोरं तिथं मातीत गाडी आडवी घालत तासन्‌तास घुमतात. मागचं चाक सरकलं तरी घाबरायचं नाही, थ्रॉटलनं सावरायचं, हे अंगात भिनतं आणि मातीत पडलं तरी फारसं मोडत नाही. ही तालीमच. फरक एवढाच की आपल्याकडे वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात, यानं ठेवला नाही. २०१४ पासून तरुण रेसरांसाठी अकादमी चालवली, तीही स्वतः रेस करत असताना. फ्रँको मोर्बिदेल्ली २०१७ ला आणि पेक्को बन्याया २०१८ ला मोटो २ चे, म्हणजे मोटोजीपीच्या खालच्या वर्गाचे, चॅम्पियन झाले. १४ नोव्हेंबर २०२१ ला वालेन्सियात रॉसीची शेवटची रेस झाली. तो दहावा आला आणि जिंकला बन्याया, त्याचाच चेला. पुढं बन्यायानं २०२२ आणि २०२३ ला मोटोजीपी मारली. २०२३ ला बुद्ध सर्किटवर भारताची पहिली मोटोजीपी झाली, तीही रॉसीच्याच टीमच्या मार्को बेझेक्कीनं जिंकली, आणि तोही त्याच अकादमीचा.

तुला मातीचा ट्रॅक बांधायला नको. पावसाळ्यानंतर एखादं सपाट, कडक मातीचं पडीक रान मालकाला विचारून घे, दोन टायर ३० मीटरवर ठेव आणि त्यांच्याभोवती अंडाकृती फेऱ्या मार. जुनी १०० सीसी चालेल. पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. डावीकडून पंधरा फेऱ्या, उजवीकडून पंधरा. गुडघे, घोटे, कोपर झाकलेलेच हवेत.

मग चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक नाहीतर कोइम्बतूरचा करी स्पीडवे. तिथल्या शिकवणीचं प्रमाणपत्र आणि एफएमएससीआयचं (देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं) लायसन्स हातात आल्याशिवाय रेसचं नाव काढू नकोस. सुरुवातीला वन-मेक रेसच बघ. सगळ्यांना सारखीच गाडी असते, त्यामुळे पैशांपेक्षा हात दिसतो.

रविवारी येताना शंभर पानी वही आण आणि पेन्सिल. पेन नको, पेट्रोलचा हात लागला की शाई पसरते. पहिल्या पानावर तारीख आणि दोन्ही टायरची हवा लिहून आण, सकाळी गाडी चालू करायच्या आधी मोजलेली.