आईला कुणी विचारलं का?

न्यू जर्सीच्या एका ताईंचं पत्र आहे. आई मुलुंडला, वय पंचाहत्तरच्या पुढे, कॅन्सर यकृतापर्यंत गेलेला. तिला घरी ठेवायचं की हॉस्पिटलमध्ये, यावरून भावाशी वाद. ताई, वहिनीची कुरबूर आणि रात्री आईजवळ थांबणाऱ्या बाईचा पगार तुमचं तुम्ही मिटवा. तिकीट आजच काढा, भाडं उतरायची वाट बघू नका.

माझं घोडं अडलं ते या ओळीवर: "लागेल ते करा, पैशाची काळजी नको, असं डॉक्टरांना सांगितलंय. फक्त आईला काही कळू द्यायचं नाही." अहो, आजारी कोण आहे? फाइल कपाटावर लपवायची, फोन घेऊन गॅलरीत जायचं, आणि वर म्हणायचं तिला कळत नाही! इतक्या लांबून जीव तुटतो, मान्य. आपल्या सगळ्यांचाच तुटतो. म्हणून तिच्या वतीने ठरवून टाकायचं?

२००० साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात तिथलीच एक पाहणी आली होती. गंभीर आजारी माणसं, नातेवाईक आणि डॉक्टर, सगळ्यांना विचारलं. वेदना नकोत, यावर एकमत. पण शुद्ध राहावी, कुणाला भार होऊ नये, देवाशी मन निवांत व्हावं, हे रुग्णांना जितकं महत्त्वाचं वाटलं तितकं डॉक्टरांना वाटलं नाही. आणि क्रम लावायला सांगितल्यावर 'घरीच मरण यावं' हे सर्वांत शेवटी आलं! तेव्हा घर की हॉस्पिटल, यावरून भावाशी भांडण्याआधी आईला विचारा.

माझ्या गिरगावातल्या आत्याला आम्ही विचारलं होतं. ती ताडकन म्हणाली, "दुपारी गुंगीचं औषध नको, चारला शेजारणी येतात. आणि नाकात नळी घातलीत तर बघा." मग लॉकरची किल्ली तांदळाच्या डब्यात आहे, कामवाल्या मावशींचे दोन हजार द्यायचेत, हेही सांगून टाकलं. माझा चुलतभाऊ लंडनहून "तू बरी होशील" एवढंच म्हणत राहिला. त्याचा फोन आला की ती डोळे मिटून घ्यायची.

दुखणं आवरायला परळच्या टाटा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांचा, विभाग आहे. वांद्र्याचं शांती अवेदना सदन हे शुश्रूषागृह १९८६ पासून शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांसाठीच आहे. आणि आईची इच्छा कागदावर उतरवा. पुढे स्वतः सांगता आलं नाही तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवायचं, ते लिव्हिंग विल. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली, २०२३ मध्ये नियमही सोपे केले: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. एक प्रत भावाकडे ठेवा. रात्री दोन वाजता हॉस्पिटलच्या कागदांवर सही तो करणार आहे, तुम्ही नाही.