गोळी बंद करू की दात राहू देऊ?

‘हृदयात स्टेंट आहे, साखरही आहे, मग दात काढायचे ते कधी?’ हा प्रश्न निपाणी-चिकोडी भागातून येणाऱ्या कुटुंबांकडून मी इतक्यांदा ऐकला आहे की, त्यावर एक अनुभव लिहून ठेवावासा वाटला. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेले आहेत.

निपाणीच्या साठीतल्या एक मावशी मुलाबरोबर आल्या. उमेदीची सगळी वर्षे विड्या वळण्यात गेलेली. चार महिन्यांपूर्वी झटका आला तेव्हा कोल्हापुरात अँजिओप्लास्टी करून स्टेंट, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, बसवली. दातांचा इलाज मात्र निपाणीत. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला की आपल्याकडे डॉक्टर बदलतो आणि फाइलही बदलते, आणि या दोन फाइलींची गाठ पडते ती फक्त रुग्णाच्या पिशवीत. मावशींचे पाच दात हलत होते, त्यांपैकी खालच्या दोन दाढांच्या मुळाशी पू झाला होता. तुळशीच्या लग्नानंतर घरात पुतणीचे लग्न होते. त्याआधी सगळे दात एकाच दिवशी काढून इंप्लांटचेही (जबड्याच्या हाडात बसवायच्या कृत्रिम दातांचेही) उरकून घ्यावे, असा मुलाचा आग्रह होता. त्याच्या घाईला मी दोष देणार नाही, कारण कारखान्यात एक खाडा पडला तरी पगार कापला जातो.

मावशी गप्प होत्या. दुखण्याची भीती असावी असे मी धरून चालले, आणि तिथेच माझे चुकले. औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करून पाकिटांतल्या गोळ्या मोजल्या, तेव्हा एका पाकिटात दोन जास्त निघाल्या. मग पदर तोंडावर धरून त्या म्हणाल्या, “दोन दिस झालं, रगात पातळ करायची गोळी घेतली न्हाई. शेजारीण म्हणाली, दात काढल्यावर रगात थांबत न्हाई.”

बोलणे तिथेच थांबवून मी मुलाला हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. त्यांनी गोळी तत्काळ सुरू करायला लावली आणि दुसऱ्या दिवशी तपासणीला बोलावले. स्टेंट नवा असताना अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारख्या गोळ्या परस्पर सोडल्या, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो आणि तो जिवावर बेतू शकतो. दात काढलेल्या जागेचे रक्त मात्र बहुधा बोळा दाबून किंवा टाका घालून थांबवता येते. मी म्हटले, “मावशी, तोंडातले रक्त डॉक्टरांना दिसते, त्यावर बोट ठेवता येते. स्टेंटमधल्या गुठळीवर कुठून बोट ठेवणार?” त्या प्रथमच माझ्याकडे बघून हसल्या.

त्यानंतर आम्ही एका कागदावर स्टेंटची तारीख, चालू गोळ्या आणि तीन प्रश्न लिहिले: कोणता दात थांबू शकत नाही, कोणता थांबू शकतो, आणि गोळ्या चालू ठेवून काय करता येईल? तो कागद मुलाने दोन्ही डॉक्टरांकडे नेला. पू असलेल्या दाढा ठेवण्यात अर्थ नव्हता, कारण जंतुसंसर्गाने साखर आणखी चढते. त्या दाढा गोळ्या चालू ठेवूनच, एका वेळी एकच, काढायच्या ठरल्या. बाकीचे तीन दात झटक्याला सहा महिने झाल्यावर. इंप्लांटचा विषय सर्वांत मागे गेला, कारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा (एचबीए१सी) ९.४ टक्के, म्हणजे बराच जास्त होता, आणि तो दोन आठवड्यांच्या पथ्याने खाली येणारा नव्हे. मुलाला हे पचायला जड गेले.

वेळ सकाळची ठरली, न्याहारी आणि साखरेची गोळी घेऊन येण्याची. दुखले तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितले तेवढेच; दुकानातून आयबुप्रोफेनसारखी गोळी आणायची नाही, कारण पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या जोडीला तिने रक्तस्रावाचा धोका वाढतो. हे सारे मावशींनी मान्य केले. अडले ते मिश्रीपाशी. तंबाखूने दाताची जखम भरायला वेळ लागतो हे त्यांना पटत होते, पण कमरेची डबी काढून ठेवायला हात होत नव्हता. दिवसातून चार वेळा होणारी मिश्री दाढ काढल्यानंतर आठवडाभर बंद राहिली आणि मग सकाळी एकदा सुरू झाली. मी रागावले नाही. पुढच्या खेपेला तीही सोडण्याविषयी बोलायचे ठरले आहे.

दोन्ही दाढा निघाल्या, टाका एकीलाच लागला. समोरचे दात हलत असले तरी जागेवर होते, त्यामुळे पुतणीच्या लग्नाच्या फोटोत मावशी तोंड मिटून बसल्या नाहीत. उरलेल्या तीन दातांसाठी आता पुढच्या महिन्यातली तारीख दोन्ही डॉक्टरांनी त्याच कागदावर लिहून दिली आहे. त्यानंतर इंप्लांट की कवळी, याचा निर्णय झालेला नाही. मुलाचा ओढा इंप्लांटकडे आहे, मावशी म्हणतात, “कवळी बरी. रातच्याला धुऊन ठिवता येती.”