वाचकांचे प्रश्न : जड पाणी आणि घरातील उपकरणे

प्रश्न : पुण्यात कसबा पेठेत असताना आमचा गिझर अनेक वर्षे विनातक्रार चालला. वाघोलीजवळच्या सोसायटीत राहायला आल्यावर वर्षभरातच त्याची कॉइल जळाली आणि नव्या कॉइलमधूनही आता तडतड आवाज येतो. येथे बोअरचे आणि टँकरचे पाणी एकाच टाकीत पडते. दोष गिझरचा की पाण्याचा?

उत्तर : आपल्या वर्णनावरून दोष पाण्याचाच दिसतो. कसबा पेठेत येणारे पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांत साठलेले पावसाचे पाणी असते. खडकाशी त्याचा संबंध थोडाच काळ येतो, म्हणून ते हलके राहते. बोअरचे पाणी मात्र जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि काळ्या बेसॉल्टच्या भेगांतून दीर्घकाळ झिरपताना खडकातले कॅल्शियम व मॅग्नेशियम बायकार्बोनेटच्या रूपाने सोबत आणते. हे क्षार जास्त असलेले पाणी म्हणजेच जड पाणी. असे पाणी तापवले की बायकार्बोनेटचे विघटन होते आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट सर्वांत तापलेल्या जागी, म्हणजे नेमके कॉइलवर, बसू लागते.

या थरामुळे कॉइलची उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही. वीज जास्त वेळ जळते, कॉइल आतल्या आत तापत राहते आणि शेवटी फुटते. आपण ऐकता तो आवाज बहुधा थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन बुडबुडे फुटण्याचा आहे. मेकॅनिक कॉइल बाहेर काढील तेव्हा ती जरूर पाहावी. तिच्यावर पांढरट, खडूसारखे पापुद्रे असतील, नखाने टवका निघत असेल आणि त्यावर लिंबू पिळताच फेस येत असेल, तर शंकेला जागा उरत नाही.

पाणी जितके जास्त तापेल तितके क्षार वेगाने साचतात, म्हणून थर्मोस्टॅट 55 अंशांच्या आसपास ठेवावा; आंघोळीला तेवढे पुरते. वर्षातून एकदा टाकी उघडून साफ करून घ्यावी आणि त्याच वेळी आतला मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड किती झिजला आहे तेही पाहावे, कारण तो संपल्यावर टाकीचा पत्रा गंजू लागतो. तरीही खरा उपाय सोसायटीच्या हाती आहे. बोअरचे पाणी वेगळ्या टाकीत घेऊन फ्लश आणि बागेपुरते वापरले, तर निदान त्याचे क्षार घराघरांतल्या गिझरमध्ये जाणार नाहीत. नळजोडणीचा खर्च एकदाच येतो, कॉइलचा मात्र प्रत्येक घराला पुन्हा पुन्हा. हा विषय आपण सभेत आग्रहाने मांडावा, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : विक्रेत्याने मीटर बुडवून आमच्या पाण्याचा टीडीएस 700 दाखवला आणि पाइपवर चुंबकीय यंत्र बसवण्याचा सल्ला दिला. ते घ्यावे का? तुरटीने काम भागेल का?

उत्तर : घाई करू नये. ते मीटर पाण्यातील एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. त्यात साधे मीठही धरले जाते, आणि मिठाने कॉइलवर असा थर बसत नाही. जडपणा स्वतंत्रपणे मोजावा लागतो. बाजारात थेंबांचे किट मिळते. त्यात तपासनळीतले पाणी आधी लालसर होते, मग एकेक थेंब टाकत गेल्यावर अचानक निळे होते, आणि थेंबांच्या संख्येवरून जडपणा कळतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांतूनही पाणी तपासून मिळते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा इष्ट, तर दुसरा स्रोत नसल्यास 600 पर्यंत चालण्याजोगा मानला आहे. तूरडाळ शिजता शिजत नसेल, तर तीही एक खूण समजावी.

चुंबकामुळे पाण्यातील कॅल्शियम कमी होत नाही, त्यामुळे यंत्र बसवल्यावरही जडपणाचा आकडा तोच येईल. मी तरी त्यावर पैसे घालणार नाही. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जडपणा जात नाही. पाणी खरोखर हलके करायचे, तर रेझिनचा सॉफ्टनर लागतो. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि बदल्यात सोडियम सोडतो, म्हणून स्वयंपाकघरातला पिण्याचा नळ त्यातून वगळावा. रेझिन मिठाच्या पाण्याने धुतल्यावर निघणारे पाणी झाडांना कधीही घालू नये.

प्रश्न : वॉशिंग मशिनमधून कपडे कडक निघतात. काय करावे?

उत्तर : जड पाण्यात पावडरचा काही भाग क्षारांशी झुंजण्यातच खर्ची पडतो, म्हणून पाकिटावर जड पाण्यासाठी वेगळे माप दिले असल्यास तेच घ्यावे. पाणी आत येते तेथील जाळी काढून धुवावी. दोन-तीन महिन्यांतून एकदा रिकाम्या ड्रममध्ये सुमारे 100 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड टाकून मशिन गरम पाण्यावर चालवावे. मात्र माहितीपुस्तिकेत तशी मनाई नाही ना, हे आधी पाहावे. त्यासोबत ब्लीच कदापि घालू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

प्रश्न : डिशवॉशरच्या पुस्तिकेत जडपणा ‘जर्मन अंशां’त मागितला आहे. आमच्या पाण्याचा आकडा 360 मिलिग्रॅम आहे.

उत्तर : आपल्या आकड्याला 17.8 ने भागावे. उत्तर सुमारे 20 येते. पुस्तिकेतील तक्त्यात 20 अंशांसमोर जो क्रमांक असेल तो लावावा. यंत्रातच छोटा सॉफ्टनर असतो आणि तो धुण्यासाठीच मीठ लागते. स्वयंपाकातले बारीक मीठ न वापरता डिशवॉशरचे जाड मीठ भरावे, आणि भरताना आत सांडलेले मीठ स्टीलवर तसेच राहू न देता लगेच एक फेरी चालवून धुऊन काढावे.