तेल-फिल्टर बदलल्यावर ऑटोमॅटिक गाडी गचके का देते?

प्रश्न : माझी सात आसनी डिझेल गाडी आहे, सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) ऑटोमॅटिक. १ लाख १० हजार किलोमीटर झाल्यावर पॅन (गिअरबॉक्सच्या तळाची तेलाची परात) उतरवून गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर बदलून घेतला. आधी काहीच तक्रार नव्हती. आता सकाळी डी किंवा आरमध्ये टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद हलतच नाही. यवतेश्वरचा घाट चढताना दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम एकदम वर जातो, मग गचका बसून गिअर पडतो. मेकॅनिक म्हणतो, जुनं तेल हलवायलाच नको होतं, आता गिअरबॉक्स खोलावा लागेल. खोलावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : एवढ्यात नको. क्लच प्लेटा आधीच जळालेल्या असतील तर तेल बदलल्यावर ते उघड होतं, एवढ्यापुरतं मेकॅनिकचं म्हणणं खरं आहे. पण नवं तेल चांगला गिअरबॉक्स बिघडवत नाही. तुमची गाडी काल ठीक होती आणि काम केलेल्या दिवसापासून बिघडली, म्हणजे संशय आधी त्या कामावरच घ्यायचा.

दोन्ही लक्षणं तेलाच्या दाबाकडे बोट दाखवतात. या गिअरबॉक्समध्ये प्रत्येक गिअर तेलाच्या दाबाने क्लच आवळून धरला जातो. पंप पॅनमधलं तेल फिल्टरमधून ओढतो. तेलाबरोबर हवा आली की क्लचचा पिस्टन भरायला वेळ लागतो, तेवढ्यात इंजिन मोकळं फिरतं. चढावर पॅनमधलं तेल मागे सरकतं आणि फिल्टरचं तोंड उघडं पडतं, म्हणून घाटात त्रास जास्त. तेल कमी असलं तरी हे होतं आणि जास्त असलं तरी. जास्त तेल फिरत्या भागांना लागून फेसाळतं, आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच.

पातळी चुकण्याचं कारण साधं आहे. पॅनचा बोल्ट काढला की सगळं तेल येत नाही. बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि तेल थंड करणाऱ्या कूलरच्या पायपांत राहतं. पुस्तकात छापलेली पूर्ण क्षमता बघून तेवढं ओतलं तर जादा होतं. अंदाजाने ओतलं तर बहुधा कमी पडतं. जुनं तेल मापात काढून ठेवलं होतं का, हे आधी विचारा.

आता तपासणी. बऱ्याच नव्या गाड्यांना डिपस्टिक नसते, पॅनला ओव्हरफ्लोचा बोल्ट असतो. गाडी चारही बाजूंनी सपाट उचललेली हवी. पुढून जॅक लावून पाहिलेली पातळी खोटी. इंजिन चालू, एसी बंद, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक जागी काही सेकंद थांबवत पीपासून शेवटपर्यंत नेऊन परत आणायचा. मग स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं तपासणी यंत्र) गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान बघायचं. बऱ्याच मॉडेलांत ते ३५ ते ४५ अंश लागतं, काहींत ५० ते ६०. तुमच्या मॉडेलचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्येच बघा. त्या तापमानाला इंजिन चालू असतानाच बोल्ट काढायचा. बारीक धार येऊन थेंब-थेंब व्हायला लागली की बोल्ट बंद. काहीच आलं नाही तर तेल कमी आहे. वरून भरत राहायचं. जोरात वाहिलं तर जादा होतं, थेंबावर येईपर्यंत वाहू द्या.

हे काम उन्हाळ्यात सकाळीच करावं. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये तेल मुळातच चाळिशीच्या आसपास असतं. लिव्हर फिरवेपर्यंत ते ठरलेल्या तापमानापुढे जातं आणि फुगलेल्या तेलाची पातळी बरोबर दिसते. गाडी थंड झाली की तीच पातळी कमी निघते.

आणखी एक फसगत इथेच होते. काही पॅनमध्ये ओव्हरफ्लोच्या बोल्टच्या आत एक उभी नळी असते, तिच्या वरच्या टोकावर पातळी ठरते. तेल काढताना ती नळीही सोडवली आणि परत बसवायची राहिली, तर तेल पॅनच्या तळापर्यंत वाहून जातं आणि बघणाऱ्याला वाटतं, जादा होतं ते गेलं.

पातळी बरोबर निघूनही त्रास राहिला तर पॅन पुन्हा उतरवा आणि फिल्टरच्या मानेवरची ओ-रिंग बघा. जुनी रिंग पुष्कळदा वरच्या भोकातच चिकटून राहते, तिच्यावर नवी चढवली की फिल्टर पूर्ण बसत नाही आणि तिथून हवा ओढली जाते. चिमटलेल्या रिंगचाही परिणाम तोच. नवी रिंग तेल लावून, हाताने सरळ दाबून बसवायची. त्याच वेळी सोलेनॉइडच्या (तेलाची वाट उघड-बंद करणारे विजेवरचे व्हॉल्व्ह) वायरींचे कनेक्टर नीट अडकलेत का, ते बघा. पॅनचे बोल्ट बारीक असतात. टॉर्क पाना न वापरता ताकदीने आवळले तर पॅनची कड वाकते आणि तेल झिरपतं.

पॅनमधल्या चुंबकांवर राखाडी, बोटाला लोण्यासारखा लागणारा लेप असेल तर काळजी नाही. चमकणारे धातूचे तुकडे किंवा काळे, जळका वास येणारे कण असतील, तर मात्र मेकॅनिकचं म्हणणं खरं धरा.

तेलाचे रिकामे डबे किंवा बिल मागून घ्या. लाल दिसलं म्हणजे तेच तेल, असं नाही. लाल हा फक्त रंग आहे. पॉवर स्टिअरिंगसाठी गॅरेजमध्ये पडून असलेलं डेक्सरॉन-३, टोयोटाच्या डब्ल्यूएस किंवा ह्युंदाईच्या एसपी-४ या गिअरबॉक्सच्या तेलांऐवजी चालत नाही. त्यांचा पातळपणा आणि घर्षणाचे घटक वेगळे. चुकीचं तेल असेल तर साठच्या आसपास एकसारख्या वेगात गाडी खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी थरथरते. एकदा काढून भागणार नाही. मधे थोडं चालवून दोन-तीनदा बदलावं लागेल.

हे सगळं झाल्यावरच स्कॅनरने गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने गिअर बदलण्यासाठी शिकलेली जुनी मूल्यं पुसून, मॉडेलनुसार दिलेल्या पद्धतीने नव्याने शिकवून घ्या. पातळी न बघता आधी रीसेट करणं म्हणजे दुखणं झाकणं. तोवर गाडी घाटात नेऊ नका. प्रत्येक वेळी आरपीएम सुटतो तेव्हा क्लच खरोखर जळतो.

प्रश्न : जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. ती पुराच्या पाण्यात उभी होती हे नंतर कळलं. गिअरबॉक्सचं तेल गुलाबी दुधासारखं निघालं, म्हणून बदललं. तरी थरथर आहे. पुन्हा बदलू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तेल दुधाळ म्हणजे आत पाणी गेलंय, बहुधा ब्रीदरमधून, म्हणजे गिअरबॉक्सला हवा ये-जा करायच्या नळीतून. क्लच प्लेटांचं अस्तर कागदी असतं आणि चिकटवलेलं असतं. ते पाणी पितं आणि डिंक सुटतो. एका बदलात निम्मंही पाणी निघत नाही. तेलाचा थेंब तापलेल्या तव्यावर टाका, तडतडला तर पाणी अजून आहे. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे का तेही बघा. असेल तर पूर निर्दोष, कूलर फुटलाय. थरथर जाईना तर पुढच्या तेलावर पैसे घालू नका. कन्व्हर्टर काढून प्लेटा तपासाव्याच लागतील, त्याचा अंदाज आधी घ्या आणि गाडीच्या किमतीशी ताडून बघा.

प्रश्न : एएमटी गाडीतही एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि फिल्टर बदलायचा का? पहिल्या-दुसऱ्यात झटका बसतो.
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : नाही. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधा क्लच, फक्त चालवणारा हात यंत्राचा. त्यात गिअर ऑइलच लागतं. हायड्रॉलिक ॲक्ट्युएटर असेल तर त्याच्या टाकीतलं तेल वेगळं, तेही थोडंसंच. झटक्यासाठी क्लच किती झिजलाय ते स्कॅनरवर बघून क्लचची जागा नव्याने शिकवून घ्या. प्लेट संपली असेल तर शिकवूनही झटका चार दिवसांत परत येईल.